इ म्हणजे इसाओ

वाराबीच्या इसाओ कुरामोचींना चाक समोरून दाखवायला जाऊ नये. गिऱ्हाईक बिचारं चाळीस वर्षांपूर्वीचं मोटारीचं ॲल्युमिनियमचं चाक कुठल्या तरी गोदामातून शोधून काढतं, घासूनपुसून लख्ख करतं, टॉवेलात गुंडाळून आणतं. आणि कुरामोचीसान हातात घेतल्याबरोबर पहिलं काय करतात, तर ते पालथं घालतात. "तोंडाला काय हो, कोणीही रंग फासतं," म्हणतात. "पाठ बघू द्या."

मग चष्मा कपाळावर जातो. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा भरवसा जास्त. पाठीवरच्या खाचा, साच्याचा जोड, बोल्टच्या भोकांच्या कडा असं चाचपत जातात आणि पाच मिनिटांत निकाल देतात. "ओसाकाकडचं आहे. शहात्तर सालचं, फार तर सत्त्याहत्तर. मुळात सोनेरी होतं, मधे कोण्या शहाण्याने रुपेरी केलं. याची बाकीची तीन भावंडं कुठे आहेत?" नक्कल असली तर तेही तोंडावर सांगतात. त्यावरून दोनदा भांडणं झाली आणि एकदा एक धडधाकट माणूस शेडमध्ये बसून रडला. तरी जुन्या जपानी चाकांचं वेड लागलेली माणसं, आणि ती तुम्हाला वाटतात त्याच्या दसपट आहेत, शेवटी वाराबीचाच रस्ता धरतात. कुरामोचीसान ओळखायचे पैसे घेत नाहीत. मिठाईचा डबा आणलात तर तो बायको घेते.

घरी सगळे त्यांना नुसतं इसाओ म्हणतात. आपणही आता तेच म्हणू, कारण ही गोष्ट कुरामोचीसानची नाही, इसाओची आहे.

शेडमध्ये सगळ्यात मागच्या फळीवर नऊ चाकं आहेत. ती विकायची नाहीत. कावागुचीच्या उकाई फाउंड्रीची ही 'आठपाती', आठ पात्या आणि मधे खोल वाटी. फाउंड्री केव्हाच बंद पडली. तिथे आता चौदा मजली इमारत आहे, आणि वरच्या गॅलऱ्यांत गाद्या वाळत घालणाऱ्यांना खाली कधी धातू उकळत होता याचा पत्ताही नाही. नऊच्या नऊ चाकं पाठ बाहेर करून मांडलेली. प्रत्येकावर तारीख, आणि तारखेपुढे एक अक्षर: इ.

"माझ्या सवती," इसाओची बायको किनुए आल्यागेल्याला दाखवते. "नऊ आहेत. एकीला म्हणून भात लावता येत नाही."

किनुए कावागुची स्टेशनच्या मागे केस कापायचं दुकान चालवते. छत्तीस वर्षं झाली. हातातली कात्री जास्त चालते की तोंडातली, हे तिच्या गिऱ्हाइकांनाही ठरवता आलेलं नाही. तिला सगळं ठाऊक आहे. बघण्याच्या कार्यक्रमात, अगदी पहिल्या भेटीत, इसाओने वेड्यासारखं सांगून टाकलं होतं की आपल्याला एक मुलगी आवडायची, बोलायचं राहून गेलं, तिचं लग्न झालं. पण ती आपलं नाव चाकांवर लिहायची. किनुए म्हणाली होती, "चाकांवर? का, कागद महाग झाला होता?" आणि लग्नाला हो म्हणाली होती.

ती गोष्ट अशी. इसाओ तेव्हा चोवीसचा, वाराबीच्या एका चाकांच्या दुकानात फिटर. दर गुरुवारी दुपारी दुकानाचा छोटा ट्रक घेऊन उकाईकडे माल आणायला जायचा. तिथे तामिए नावाची मुलगी कामाला होती. वाळूचा साचा बंद करायच्या आधी बांबूच्या काडीने त्यात तारीख कोरायची, हे तिचं काम. वाळूत कोरलेलं चाकावर उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच उलटं कोरावं लागतं. बाकीच्यांच्या हातून हमखास घोळ व्हायचा. तामिएचा होत नसे. ती जन्माची डावखुरी, शाळेत हातावर पट्ट्या मारून मारून तिला उजवी केलेली. पण डावा हात मोकळा सोडला की तो आपला सरसर उलटं लिहीत सुटायचा. ज्या खोडीसाठी मार खाल्ला तिच्यावर ती आता पगार घेत होती. इ ची उभी रेघ खाली आणताना तिचा हात शेवटी जरासा आत वळायचा. तेवढं वळण जगात दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही, असं इसाओचं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

पहिल्यांदा ते अक्षर दिसलं तेव्हा तो चाकं ट्रकात चढवत होता. हे काय म्हणून विचारायला त्याने मान वर केली, तर समोर तामिए. कपाळाला वाळू लागलेली, त्याच्याकडेच बघत होती. हसली. झालं! याने विचारलंच नाही. इ म्हणजे इसाओ, दुसरं काय असणार?

आता विचारायला काय हरकत होती, असं मला कोणी म्हणालं तर मी सांगेन, काडीची हरकत नव्हती. पण इसाओने तीन वर्षं मिठाची गुळणी धरली. दर गुरुवारी मांडणीवरची चाकं उलटीपालटी करायचा, इ असलेली तेवढी शोधून उचलायचा, "येतो" म्हणायचा आणि निघायचा. महिन्या-दोन महिन्यांनी पगारातून एखादं चाक स्वतःसाठी घ्यायचा. गाडी नव्हती हो त्याच्याकडे! सायकल होती. खोलीवर उशाशी चाकं रचून झोपायचा. असं करत वीस चाकं जमली, आणि एका गुरुवारी तामिए जागेवर नव्हती. "तिचं लग्न ठरलं, चिचिबूला दिली," फाउंड्रीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं. तारखा कोरायला कोणी दुसराच बसला होता आणि त्याचं अर्धं उलटं, अर्धं सुलटं पडत होतं. इसाओने त्या दिवशी एकही चाक उलटून पाहिलं नाही, दिसेल ते ट्रकात भरलं.

वीसची नऊ कशी झाली, तेही सांगतो. माणूस पारखी झाला की त्याला घरचंही खुपायला लागतं. इसाओच्या वीसपैकी अकरा चाकांच्या पाठीवर, बोल्टच्या भोकांजवळ, सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती. ओतताना धातूत हवा अडकली की तशी पडतात. लोकांच्या चाकावर एक छिद्र दिसलं तरी 'दुय्यम माल' म्हणून बाजूला सारणारा माणूस, त्याच्याच फळीवर अकरा दुय्यम! आठ-नऊ वर्षांपूर्वी भंगाराचे ट्रक भोंगा लावून गल्लोगल्ली फिरत होते, आणि किनुएला मुळ्याच्या लोणच्याची पिंपं ठेवायला जागा हवी होती. "सगळ्या नका काढू, पण निदान किडक्या सवती तरी काढा," असं म्हणत ती आठवडाभर मागे लागली. त्यालाही पटलं. अकरा दिली, नऊ ठेवली. ठेवली ती अशी की पाठीवर बोट ठेवावं आणि ते अडखळू नये.

त्यानंतर सगळं सुरळीत होतं. मग गेल्या ऑक्टोबरात गुन्माहून हानावा नावाचे दाताचे डॉक्टर आले.

हानावांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी टॉवेल सोडला तर आत आठपाती. इसाओचा चेहरा उजळला. उकाईचं चाक बाहेर कुठे दिसलं की त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. पालथं घातलं. बावन्न, पाच, अकरा: शोवा बावन्न, म्हणजे सत्त्याहत्तर साल, मे महिना, अकरा तारीख. आकडे तामिएचेच, शंकाच नाही. याच तारखेचं एक चाक त्याच्या फळीवरही होतं. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तारखेपुढे इ नव्हता. रो होता.

"थोडं किडलंय," डॉक्टर खिशातला दात बघायचा आरसा काढून छिद्रं न्याहाळत म्हणाले, "पण मुळं शाबूत आहेत. हे रो कशाचं हो?"

"माहीत नाही," इसाओ म्हणाला.

हे दोन शब्द त्या शेडमध्ये आजवर कोणी ऐकले नव्हते. डॉक्टरांना वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला भाजलेला सानमा होता, वर किसलेला मुळा. इसाओने माशाला हात लावला नाही.

"काय झालं? खारट झालाय?" किनुएने विचारलं.

"तिने रोकुरोचंही नाव लिहिलंय."

"कोण रोकुरो?"

"उरावाच्या दुकानाचा फिटर. बुधवारी यायचा उकाईकडे. लांब केसांचा. मँडोलिन वाजवायचा."

"तो मेला ना? तुम्ही गेला होतात अंत्यविधीला."

"गेलो होतो! पैशांचं पाकीटही दिलं! चांगलं जाड पाकीट दिलं मी त्या माणसाला!"

किनुएने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. चाक, तारीख, डॉक्टर, रो, सगळं नीट ऐकून घेतलं. आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. "अहो देवमाणसा," ती डोळे पुसत म्हणाली, "इ, रो, हा, नि! आपलं जुनं मोजणं! नाटकगृहात खुर्च्यांच्या रांगा कशा असतात? इ ची रांग, रो ची रांग. माझ्या दुकानात टॉवेलांच्या टोपल्यांवर काय लिहिलंय? इ, रो, हा. मग त्या टोपल्या काय इसाओ, रोकुरो आणि हारुओच्या नावाने आहेत?"

"मोजायचंच होतं तर आकडा टाकला असता."

"तारखेत आधीच आकडे. त्यात आणखी एक आकडा टाकून कोण घोळ करून घेईल? म्हणून अक्षर."

"तू फाउंड्रीत होतीस का?"

"नव्हते. पण मला इ-रो-हा येतं."

इसाओ ताटावरून उठला. पस्तीस वर्षांच्या संसारात तो असा तिसऱ्यांदा उठला असेल.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. लोक फोटो पाठवत राहिले, याने एकालाही उत्तर दिलं नाही. फळीसमोर स्टूल टाकून बसायचा. किनुएचं बरोबर असेल, हे त्याच्या लक्षात येत होतं. तो काही खुळा नव्हता. पण मग त्यापेक्षा रोकुरो परवडला, असंही त्याला वाटायचं. दोघांची नावं लिहिली असतील तर निदान दोघांतला एक तरी तो होता. नुसतं मोजणं असेल तर तो कोणीच नव्हता. किनुएशी संसार चांगला झाला, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण तो मध्यस्थाने जुळवलेला, रीतसर ठरवलेला. न मागता, चोरून, कोणीतरी आपलं नाव धातूत ओतून ठेवलं होतं, हे त्याचं एकट्याचं होतं. आयुष्यात दुसरं काही नाही जमलं तरी ते होतं. आता ते आहे की नाही, हेच त्याला कळेना.

शेवटी किनुएच वैतागली. केस कापणाऱ्या बाईकडे अख्ख्या गावाचे पत्ते असतात. उकाई मालकांची थोरली मुलगी दर महिन्याला तिच्याकडे केस रंगवायला यायची. दोन दिवसांत चिठ्ठी इसाओच्या पुढ्यात आली: तामिए, आता आडनाव आराफुने, चिचिबू, अमुक वस्ती.

"जा आणि विचारून या," किनुए म्हणाली. "नाहीतर मेल्यावर तुमचा जीव त्या चाकांत अडकायचा, आणि मला लोणचं काढायला शेडमध्ये जायची भीती वाटायची."

"तू चल."

"स्टेशनापर्यंत येते. सोबा खाईन, डोंगर बघेन. तिच्या घरी नाही येणार. मी समोर असले तर ती खरं बोलायची नाही."

नोव्हेंबरातला स्वच्छ दिवस होता. किनुए स्टेशनसमोरच्या सोबा-शेवयांच्या दुकानात जाऊन बसली आणि इसाओ चढ चढून गेला. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण ओसरीभर पर्सिमनची फळं दोऱ्यांना टांगलेली होती आणि त्यांच्याखाली एक बुटकी बाई पाटावर बसून आणखी फळं सोलत होती. सुरी डाव्या हातात.

इसाओने वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी पळाली. बाईने वर पाहिलं. डोळे बारीक केले.

"अगंबाई," ती म्हणाली. "गुरुवार!"

"काय?"

"आम्ही तुम्हाला गुरुवारच म्हणायचो फाउंड्रीत. नाव कोण घेतं! 'ट्रक आला का, गुरुवार आला का.' या, बसा. फार उशीर केलात. आमचे हे गेटबॉल खेळायला गेलेत, हरल्याशिवाय येणार नाहीत."

तिने एक सुरी त्याच्यापुढे सरकवली. इकडे घरी कोणी आलं आणि हातातलं काम संपलेलं नसलं की पाहुण्यालाही बसवतात. इसाओ सोलायला लागला. ते बरं झालं. खाली बघून बोलता येत होतं. तब्येती झाल्या, मुलं झाली, फाउंड्रीतलं कोण कोण गेलं ते झालं. चार फळं सोलून झाल्यावर इसाओने विचारलं.

"तारखेपुढे तुम्ही एक अक्षर काढायचात. इ. रो."

"हा, नि," तामिए म्हणाली. "घाण्याची अक्षरं. सकाळी वितळवलेल्या धातूचा पहिला घाणा इ, दुसरा रो, तिसरा हा. चाक कुठे तडकलं तर कुठल्या घाण्याचं ते कळावं म्हणून. का हो?"

"काही नाही. एकाने विचारलं होतं."

त्याने पुढचं फळ हातात घेतलं. ते सोलताना सालीबरोबर अर्धा गर निघाला. तामिएने पाहिलं आणि ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्हाला तर माहीत असणार ना," ती म्हणाली. "तुम्ही इ चीच घ्यायचात की. सगळी मांडणी उपसून इ तेवढी शोधायचात. मी म्हणायचे, काय नजर आहे पोराला! पहिला घाणा म्हणजे ताजा धातू, चाक कसं तुळतुळीत. तिसऱ्या घाण्यापर्यंत त्यात काय काय उरलंसुरलं पडलेलं असायचं. मालक सोडून कोणाला कळायचं नाही ते, तुम्हाला कळायचं."

"मला नव्हतं कळत," इसाओ म्हणाला.

"मग?"

सहासष्ट वर्षांच्या माणसाचे कान लाल झाले. "मला वाटायचं, ते माझं नाव आहे."

तामिएची सुरी थांबली. आता ही हसणार, असं त्याला वाटलं. किनुए हसली होती, त्याहून मोठ्याने हसणार. पण ती हसली नाही.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आणि एकदा म्हणून विचारलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलताय आणि मी वाचतोय. मधे कशाला बोलायचं."

"अरे देवा," तामिए म्हणाली. आणि मग सोललेलं फळ परातीत ठेवून, हात पदराला पुसावे तसे ॲप्रनला पुसून, तिने त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. "आता ऐक. म्हातारी झालेय, आता लपवून काय करू? बुधवारी उरावाचा तो लांब केसांचा यायचा. अक्षरबिक्षर बघायचा नाही, वरवरची दिसतील ती उचलून न्यायचा. ती नेमकी पहिल्या घाण्याची असायची. मग गुरुवारी तू यायचास, सगळं उपसायचास, इ सापडायचा नाही, आणि तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला बघवायचं नाही ते. म्हणून ज्या आठवड्यात इ कमी पडेल असं दिसायचं, त्या आठवड्यात मी तिसऱ्या घाण्यावरही इ काढायचे."

इसाओने हातातली सुरी खाली ठेवली.

"'हा' काढायचं तिथे 'इ'. खोटं. मालकांना कळलं असतं तर त्याच दिवशी हाकलून दिलं असतं. आणि एखादं चाक तडकलं असतं तर? मला भीती वाटायची. बाकी कोणासाठी मी असलं काही केलं नाही रे, ना आधी, ना नंतर. मला वाटायचं, पोराला कळेल एक दिवस. चांगली नजर आहे, ओळखेल, की हे पहिल्या घाण्याचं नाही आणि तरी यावर इ आहे. ओळखेल आणि विचारेल. तीन वर्षं वाट पाहिली मी. मग घरच्यांनी इथे ठरवलं."

खाली रस्त्यावरून शाळेची बस गेली. तामिएने पुन्हा सुरी घेतली.

"किती असतील तशी?" इसाओने विचारलं. त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटला.

"मोजली नाहीत. तुमच्याकडे आहेत ना अजून? उकाईंची मुलगी फोनवर म्हणत होती, जपून ठेवलीत म्हणे. मग घरी जाऊन बघा की! अगदी सोपं आहे. पहिल्या घाण्याचं असेल तर पाठ गुळगुळीत. तिसऱ्याचं असेल तर बोल्टपाशी बारीक बारीक भोकं असतील." ती आता हसत होती, लाजत होती, चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखी. "भोकं असलेली इ दिसली, की समज, ती तुझ्यासाठी काढलेली."

इसाओने मान हलवली. "बघतो," म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होता तो? अकरा म्हणून सांगणार होता? भंगाराचा ट्रक, भोंगा, पिंपं? तिने इतक्या वर्षांनी इतक्या आनंदाने हातात दिलं, ते तिच्यासमोर कुठे फेकणार! त्याने उरलेली फळं सोलली, एकही बिघडवलं नाही. निघताना तिने गेल्या हंगामातल्या वाळवलेल्या फळांची एक माळ वर्तमानपत्रात बांधून दिली. "सौभाग्यवतींना द्या," म्हणाली, आणि पायऱ्यांपर्यंत येऊन उभी राहिली. वळणावर त्याने मागे पाहिलं तर ती हात हलवत होती. डावा.

तो उतार उतरायला लागला. एकेक चाक त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. बोटांनाही आठवत होतं, कुठल्या तारखेच्या चाकाला कुठे छिद्रं होती. स्वतःच्या हाताने त्याने ती एकेक करून ट्रकवाल्याला वर दिली होती. शेवटचं देताना "जपून हं, कडा लागेल," असंही म्हणाला होता. आणि नऊ ठेवली होती. मालकांच्या हिशेबाची, पहिल्या घाण्याची, कोणासाठीही नसलेली नऊ. चाक हातात घेतल्यावर पाच मिनिटांत त्याचा जन्म सांगणारा माणूस, त्याला स्वतःच्या नावाची तेवढी ओळखता आली नाहीत.

गाडी जवळजवळ रिकामी होती. किनुएने डब्यात बसल्याबरोबर वर्तमानपत्र सोडलं, एक फळ तोंडात टाकलं, "बाईचा हात चांगला आहे," म्हणाली. मग नवऱ्याकडे बघितलं.

"विचारलंत?"

"विचारलं."

"मग?"

"घाण्याचं अक्षर. पहिला घाणा इ, दुसरा रो."

"मी म्हटलं होतं!" किनुए म्हणाली. पण तिचा आवाज जिंकल्यासारखा निघाला नाही. ती जरा सरकून त्याच्याजवळ बसली. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. नदी दिसली, दिसेनाशी झाली.

"अहो, रडताय कशाला? सहासष्टाव्या वर्षी!"

"नाही. तू सोबा खाल्लास ना, तो वासाबी."

"खाल्ला मी, आणि झोंबला तुम्हाला?"

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. सांगावं असं त्याला वाटत होतं. जिला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, तिच्यापासून आजवर एक गोष्ट लपवली नव्हती. पण ही सांगितली तर आठवडाभर ट्रकसाठी मागे कोण लागलं होतं, ते तिला आठवणार. मग तीही रडणार, आणि मुळ्याचं लोणचं तिच्या घशाखाली उतरणार नाही. तोंड मिटून ठेवणं त्याला नवीन नव्हतं. यावेळी निदान कशासाठी ते ठाऊक होतं.

किनुएने त्याचा हात हातात घेतला. माणसं नसली तरी डब्यात असं ती कधी करत नसे. थोडा वेळ तिने चिडवायला काहीतरी शोधलं असावं, पण सापडलं नाही.

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "नाव नसेना का. चाकं तर आहेत? एका डाक्टराने बघितली की नऊच्या नऊ मागेल अशी आहेत. वाईट होती ती तेव्हाच काढलीत, चांगली चांगली तेवढी ठेवलीत."

"हो," इसाओ म्हणाला. "चांगली तेवढीच राहिली."